टाकीतली चौदा पोरं

आये,

तुझ्या पोरीने मासे वाढवलेत. खायचे नव्हेत, नुसते बघायचे. हसू नकोस. तू जन्मभर कळंबच्या किनाऱ्यावरून मासळीची पाटी डोक्यावर वाहिलीस, आणि मी इथे माणिकपुरात, तिसऱ्या मजल्यावर, त्यांची बाळंतपणं करते. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, बोटाएवढे समुद्रातले मासे. मादी अंडी दगडाला चिकटवते नि मोकळी होते. राखण करतो तो बाप, दिवसभर पंखांनी वारा घालत. तुझे जावई असते तर म्हटलं असतं, बघा जरा, शिका. पण तेही गेले. टाकी तुझ्या नातवाची. तो कॅनडाला गेला, टाकी राहिली, मी राहिले.

जाताना तो बजावून गेला होता, "आई, पाणी उडून कमी झालं की तेवढं फिल्टरचं गोडं पाणी घाल. खारं घालू नकोस." पण मला तू आठवलीस ना! मी सात वर्षांची असेन. किनाऱ्यावरच्या डबक्यातला मासा आणून विहिरीच्या पाण्यात, कळशीत ठेवलेला. सकाळी बघते तर उताणा. तू पाटी उतरवलीस आणि आधी पाठीत धपाटा. "मेले, खाऱ्या पान्यातला जीव गोड्यात घातलास? गुदमरून मेला गो तो!" मग मी जेवेना म्हणून गाभोळी, माशाचीच अंडी, तळून दिलीस, ती मात्र मी सगळी खाल्ली. तर ते डोक्यात असं बसलंय, की टाकीत गोडं पाणी ओतायला हातच उचलेना. कॅनडात बसून याला काय कळतंय, म्हणून मी मीठ कालवलेलंच घालत राहिले. पिल्लांच्या वेगळ्या टाकीतही तेच. पहिली सगळी पिल्लं तीन दिवसांत गेली, एकसुद्धा राहिलं नाही. फोनवर तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "आई, पाणी उडतं, मीठ उडत नाही." मिठागरांच्या शेजारी वाढलेली मी, आणि हे मला कॅनडातून सांगावं लागलं! तुझंच ऐकून मारली, आये. रागाने नाही सांगत.

पुढच्या खेपेला रोज पेलाभर गोडं पाणी घातलं, थेंब थेंब करत. आणि जगली! चौदा! आधी नुसते डोळे पोहताना दिसायचे, मग एके दिवशी पट्टे आले. मी एकटीच टाळ्या पिटत होते. आता काचेपाशी गेले की सगळी धावत येतात. मी बोलते, भाजी काय केली तेही सांगते. घरात दुसरा आवाज म्हणजे पंपाचा.

नातू तुझा म्हणतो, दुकानवाल्याला देऊन टाक, मोठी झाली की एका टाकीत मारामाऱ्या करतील. मी म्हटलं, भावंडं आहेत रे. तो म्हणाला, "म्हणूनच." काल दुकानवाला आला. "मावशी, झाली की मोठी." मी म्हटलं, "कुठली रे, अजून अंगावर पितात." तो हसत हसत गेला.

पण तुला सांगते, झालीत मोठी. आज एकाचं शेपूट कुरतडलेलं दिसलं. येत्या रविवारी देईन.

गेल्या रविवारीही हेच म्हटलं होतं.