मॅरिस कोणावर अवलंबून

२७ जानेवारी, रविवार
यंदा टॅक्सचा फॉर्म स्वतः भरणार. ठरलं. दरवर्षी मॉलमधल्या दुकानात जायचं, पैसे मोजायचे आणि वर त्यांनी आपल्यालाच प्रश्न विचारायचे. बंद.

मॅरिस युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे मी विद्यार्थिनीचा बाप. अशा बापांना सरकार शिक्षण-सवलत देतं, वर्षाला अडीच हजार डॉलरपर्यंत. अट एकच : मुलगी आपल्यावर अवलंबून आहे असं दाखवायचं. घटस्फोटानंतर जोलीनच दाखवत असणार. यंदा माझी पाळी. जोलीनला सांगितलेलं नाही. गरज नाही.

पैशाचा प्रश्नच नाही. आलेली रक्कम सगळी मॅरिसच्या हातात ठेवणार. पाकिटात. वर ‘बाबांकडून’.

बाहेर उणे अठरा. आत हीटर. काही वाटत नाही. ठीक आहे.

३१ जानेवारी, गुरुवार
गॅरेजमध्ये रूडीला सांगितलं. तो शाळेच्या बसचे ब्रेक बघतो, मी इंजिन. त्याने विचारलं, पोरगी राहते का तुझ्याकडे? म्हटलं, नियम वाच. शिकायला बाहेर राहिलेलं मूल घरीच राहतं असं सरकार धरतं. किती समजूतदार सरकार! रूडी म्हणाला, हो, पण कुणाच्या घरी?

रूडीला टॅक्समधलं ओ की ठो कळत नाही.

माझा सोफा उघडला की पलंग होतो. मॅरिस त्यावर झोपली आहे. गेल्या वर्षी एकदा, रस्त्यावर बर्फ गोठला होता तेव्हा.

९ फेब्रुवारी, शनिवार
१०९८-टी नावाचा कागद लागतो. फी किती, स्कॉलरशिप किती, ते त्यात असतं. तो युनिव्हर्सिटी मुलांनाच देते, बापांना नाही. ही पद्धत चुकीची आहे. कधीतरी पत्र लिहायला हवं.

मॅरिसला मेसेज केला. उत्तर नाही. दुसरा केला, हसरा चेहरा टाकून. उत्तर : ‘बाबा कामावर आहे नंतर.’ कॉलेज करून ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करते. कष्टाळू पोर. माझ्यावर गेली आहे.

मी आज सुट्टी टाकून टीव्हीवर पिना पाडायचं बोलिंग बघितलं.

१७ फेब्रुवारी
फॉर्म उघडला. नाव भरलं. आजच्या पुरतं बास.

२ मार्च
नंतर म्हणजे कधी ते तिने कळवलेलं नाही. तिला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. बाप म्हणून हे जमायला पाहिजे.

९ मार्च, शनिवार
काल चर्चमध्ये उपासाच्या शुक्रवारचं माशाचं जेवण होतं. दोन ताटं खाल्ली. दोन ताटं घेतली की बरोबर कुणी आहे असं वाटतं लोकांना, विचारत नाहीत.

आज खर्चाचा तक्ता भरला. मुलीने आपला निम्म्याहून जास्त खर्च स्वतः उचलला की नाही, हे त्यावरून ठरतं. माझी बाजू : हिवाळी टायर चार, वापरलेले, पण मी स्वतः बसवलेले. फोनचा चार्जर. ऑक्टोबरमधला पिझ्झा. नाताळात हातमोजे. मार्गदर्शन. (मार्गदर्शनाला रकाना नाही. वेगळी चिठ्ठी जोडली.)

तिची बाजू : घरभाडं, जेवण, फी. आकडे माहीत नाहीत. माहीत नसलेले सोडून दिले. त्या हिशेबाने सगळा खर्च माझाच निघतो. दोनदा तपासलं. बरोबर आहे.

२३ मार्च, शनिवार
लायब्ररीत फुकट मदत मिळते. व्हर्ना स्टकी म्हणून बाई बसतात, निवृत्त शिक्षिका. तक्ता पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. मार्गदर्शनाची चिठ्ठीही वाचली, हसल्या नाहीत.

विचारलं, अहो होस्टेटलर, पोरीचं भाडं कोण भरतं? म्हटलं, तीच भरत असणार. फी? कर्ज काढून. कर्ज कुणाच्या नावावर? तिच्या. मग म्हणाल्या, मग तो खर्च तिचाच धरतात. ती तुमच्यावर अवलंबून नाही हो. शेवटचं कधी बोललात तिच्याशी? आधी तिला फोन लावा. फॉर्म कुठे पळून जात नाही.

म्हटलं, बघतो.

फुकटचा सल्ला. आयुष्यभर चौथीच्या वर्गाला शिकवलेल्या बाईला युनिव्हर्सिटीचं काय कळणार!

१३ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी ५.४०
मुदतीला दोन दिवस. तो कागद आलेला नाही. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर फी होती, ती टाकली. अंदाजपंचे, पण आत्मविश्वासाने. अवलंबून असलेल्या व्यक्ती : एक. नाव : मॅरिस ॲन होस्टेटलर. नातं : मुलगी. तुमच्याबरोबर राहते? हो.

पाठवला. नाव टाईप करताना बरं वाटलं. फार दिवसांनी.

संध्याकाळी ६.२५
फॉर्म परत. मॅरिसचा सरकारी ओळख-नंबर दुसऱ्या फॉर्मवर आधीच आला आहे म्हणे.

जोलीन!

लगेच फोन. सगळं बोललो. माझ्या पोरीला तू एकटीच आपल्या नावावर दाखवणार का, वगैरे. तिच्याकडे टीव्ही चालू होता. माझं संपल्यावर म्हणाली, झालं? आता ऐक. मी तिला दोन वर्षांत कुठेच दाखवलेली नाही. तिने स्वतःचा फॉर्म स्वतःच भरलाय, फेब्रुवारीतच. तुला कळवायचं म्हणत होती. बोलली नाही का?

म्हटलं, बोलली असेल.

१४ एप्रिल, रविवार
तयारी करून फोन लावला. समोर मुद्दे लिहिलेले. विद्यार्थी ही चूक नेहमी करतात : ‘तुम्हाला कुणी आपल्यावर अवलंबून दाखवू शकतं का?’ या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हणतात. दुरुस्तीचा वेगळा फॉर्म असतो. रागवायचं नाही. समजावून सांगायचं.

चौथ्या रिंगला उचलला. मागे मशीनची घरघर. सगळे मुद्दे सांगितले.

मॅरिस म्हणाली, चूक नाहीये रे बाबा. तीनदा वाचला तो प्रश्न. कॉलेजमध्ये एक बाई होती मदतीला, तिने विचारलं कोण काय देतं. आईचं लिहिलं. तुझं पण लिहिलं. टायरसुद्धा लिहिले. तुमचं दोघांचं मिळून निम्म्याच्या जवळपासही जात नाही. मी भांडत नाहीये हं. त्यांनी विचारलं, म्हणून लिहिलं.

मग म्हणाली, टायर चांगले आहेत पण.

म्हटलं, तू बरोबर भरलंस.

म्हणाली, ठेवते, चादरी आल्या.

वाईट वाटलं. खूप. मुद्द्यांचा कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग काय करायचं ते कळेना, म्हणून भांडी घासली. दोनच होती.

१५ एप्रिल, सोमवार, संध्याकाळी ७.१०
फॉर्म पुन्हा उघडला. मॅरिसच्या नावापुढचं ‘काढून टाका’ दाबलं. खात्री आहे का, असं विचारतात. हो म्हटलं. अवलंबून असलेल्या व्यक्ती : शून्य. पाठवला.

७.१४
मंजूर. एकही चूक सापडली नाही, असं कळवलं आहे.