तुझ्या नावावर गेलेली बोटं

प्रिय प्रज्ञेशला दादाचा मनापासून जय भीम.

फोन तू स्पीकरवर ठेवतोस आणि माय ऐकते, म्हणून चाकणहून हे पत्र. डाव्या हाताने लिहून राहिलो, अक्षराला हसू नकोस. उजव्याची तीन बोटं प्रेस मशीनने ठेवून घेतली. बाकी तब्येत झकास आहे. मायला एवढंच वाक्य वाचून दाखव.

भरपाईसाठी वकील शोधला. पहिल्या दोघांनी कंपनीचं नाव ऐकताच चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्याने कागद चाळून विचारलं, "यातला जखमी प्रज्ञेश कुठाय?" चाळिशीपुढचा माणूस घेत नाहीत म्हणून कंत्राटदारानेच मला तुझ्या आधारकार्डावर लावलं होतं. म्हणजे नोंदीत बोटं तुझी गेली. घरबसल्या अपंग झालास बघ!

वकील म्हणाला, "तुमच्या भावाचे शाबूत हात कोर्टाला दाखवू. कंत्राटदाराची लबाडी तिथंच उघडी पडेल."

माझी जीभ तुला ठाऊक आहे. हे मी कंत्राटदाराला तोंडावर सुनावून आलो.

तो चिडला नाही. उलट बसायला खुर्ची दिली.

"भाऊ काय करतो?"

"सोयाबीनच्या मळणीयंत्रावर असतो."

"मळणी कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"मग तेव्हाच येतो आमी तुमच्या गावाला, साखऱ्याला," म्हणाला, आणि पत्ता स्वतः लिहून घेतला.

मायचे गुडघे कसे आहेत? आपल्या सपनाताईचं लेकरू चालायला लागलं का?

यंदा मळणीयंत्राजवळ उभा राहू नकोस. कुणी काहून विचारलं, तर दादाची मनाई आहे म्हण.

तुझ्या दोन्ही हातांची काळजी लागलेला,
दादा