सातव्या ओळीतला भाऊ

गुरुवार, १२ फेब्रुवारी. मुसाफा

इथे आखातात माझ्या वर्कशॉपमध्ये एका परक्या सरकारच्या शहीद स्मारकाची भिंत बनतेय. तिच्यावर सगळ्यात वर त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचं नाव. त्या नावाच्या सोन्याच्या वर्खाला सहा हजार दिरहम, म्हणजे दीड लाख रुपये. खाली युद्धात मेलेली तीनशे पोरं, त्यांची नावं कोरायला सगळी मिळून चार हजार. ऑर्डर मीच घेतली, तेव्हा मी फार बोलू नये.

दुपारी त्यांचा अधिकारी वर्कशॉपमध्ये आला. वर्खावरून बोट फिरवत म्हणाला, "हबीबी, आमचं सरकार एकाही शहिदाला विसरत नाही." खालच्या नावांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

तो गेल्यावर मी गेटवरच्या वॉचमनला आत बोलावलं. तो त्याच देशाचा, ती लिपी वाचतो. म्हटलं, नावं फुकटात तपासून होतील. हुशारी माझी, दुसरं काय. सातव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"सेठ, ये मेरा भाई है."

बापाचं नाव, गाव, सगळं जुळत होतं. मग तो म्हणाला, "एक फोटो लेने दो. अम्मा ऑफिस में दिखाएगी."

उद्घाटनाआधी फोटो निघणार नाही, असं मी सही करून दिलंय. कळलं तर पेमेंट खलास. दिवा मीच धरला, सातव्या ओळीवर. चूक केली का? नाही वाटत.

त्याच सरकारचं पत्र त्याच्या आईला गेल्या महिन्यात आलंय: शिपाई बेपत्ता, मृत्यूचा पुरावा नाही, पेन्शन मिळणार नाही.