तिसऱ्या क्रमांकाचा सामना

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, ५ मे २०२६

प्रिय अल्ताफ यास,

सलाम आणि दुआ. आयेशाचा गुडघा आता बरा असावा. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी नियमित घेतो. हा मजकूर ग्रुपवरही टाकता आला असता, परंतु तिथे सगळे वाचतात आणि कोणीतरी नुसता अंगठा दाखवतो.

शनिवारच्या उपांत्य सामन्याबाबत माझी तक्रार नाही, हे प्रथम नमूद करतो. खऱ्या खेळाडूंचे गुण मोजून चालणाऱ्या आपल्या घरच्या फँटसी फुटबॉल लीगचे नियम तू केलेस आणि ते सर्वांना सारखेच आहेत. तुझ्या पत्नीने, आयेशाने, केशरचना पाहून खेळाडू निवडले आणि ती तीन गुणांनी जिंकली, हेही मान्य आहे.

तरीही एक गोष्ट सांगतो. मेहजबीनने, तुझ्या आपाने, नेमलेला कर्णधार दुखापतीने बसून होता. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात; तो मैदानात उतरलाच नाही, तर उपकर्णधाराचे. आणि नेमका त्याच दिवशी आमच्या उपकर्णधाराने, त्या उंच बचावपटूने, दोन हंगामांतला पहिला गोल केला. आपण सगळे उभे राहिलो होतो. त्याच दिवशीच्या पुढच्या सामन्यात कर्णधाराचा क्लब खेळत होता; शेवटच्या मिनिटाला तो आत आला. चेंडूला त्याचा पायही लागला नाही, पण तो उतरला म्हणून दुप्पट गुणांचा मान त्याच्याकडेच राहिला.

"फिरायला आला होता," आयेशा म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो असेन.

त्या बचावपटूला तुझ्या आपाने का निवडले, हे तुला ठाऊक नसेल. ती म्हणायची, "हा अगदी तुमच्यासारखा आहे. पुढे म्हणून जायचा नाही, पण जागाही सोडायचा नाही."

जानेवारीत ती गेल्यावर तू मला अनेकदा सांगितलेस, "आपाचा संघ शोकेसमध्ये ठेवू नका. खेळाडू बदला." मी बदलले नाहीत. याला तुम्ही हट्ट समजलात. तिने निवडलेले अकरा जण दर आठवड्याला कुठेतरी धावत होते, अल्ताफ. त्यांतल्या एकालाही घरी जा म्हणणे मला जमले नाही.

आता मूळ मुद्दा. रविवारी तू ग्रुपवर लिहिलेस: "मुनव्वरभाई बाद. अंतिम सामना आयेशा विरुद्ध शहाबाज."

निकाहाच्या दिवशी माझे जोडे लपवून मेहुण्याच्या हक्काने तू मला प्रथम दुल्हेभाई म्हणालास. त्यानंतर दुसरी हाक तुझ्या तोंडून मी ऐकलेली नाही. घाईत लिहिले असशील. किंवा आता हेच बरोबर असेल. जिच्यामुळे तो शब्द होता तीच नसेल, तर तो कशाच्या आधारावर ठेवायचा, हे व्याकरण मला कोणी शिकवलेले नाही.

माझी विनंती एवढीच आहे की उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा सामना ठेवावा. नियमात तशी तरतूद नाही, हे मी जाणतो. तुमच्या मुलाकडून, शहाबाजकडून, हरलेला तुमचा शेजारी चेतन, त्याला मी फोन केला होता.

"काका, तिसरा येऊन काय मिळणार?"

"काही नाही."

"मग खेळू या," तो म्हणाला.

तुझी अट असेल तर संघ बदलतो. कर्णधारही काढतो. बचावपटू तेवढा राहू दे.

शनिवारी खडकीला कशाला निघालात, असे खालच्या दुकानदाराने विचारले की मला सांगता येत असे, सामना आहे. नुसताच तुमच्याकडे आलो, तर तुम्ही बसा म्हणाल, चहा द्याल, आणि मी पाहुणा होईन. त्या घरात मी कधी पाहुणा नव्हतो. इथे दुपारी टीव्ही लावला तर आवाज किती ठेवायचा, हेही मला ठरवता येत नाही. कमी करा, असे आतून कोणी सांगत नाही.

आणखी एक शनिवार दे. त्यानंतर हंगाम संपेल, हे मला कळते. त्यापुढचा विचार माझ्याने होत नाही.

उत्तर एका ओळीचे असले तरी चालेल. मात्र वर हाक लिहिशील, ती विचार करून लिही.

तुझा, अजूनही,
दुल्हेभाई