रकाना सातवा: शेवटची चव

४ मार्च, तैपेई

"स्वयंपाक झकास आहे मास्तर, पण कागद कोरा आहे." तीस वर्षांपूर्वी आचाऱ्यांच्या परीक्षा केंद्राच्या दारात परीक्षक बाई बाबांना म्हणाल्या होत्या. मी चौदा वर्षांची, बाबांच्या सुऱ्यांची गुंडाळी छातीशी धरून उभी. लेखी परीक्षेत तिसऱ्यांदा नापास! बाबा हसले होते.

आज आमच्या समितीने लेखीची सक्ती काढली! आचाऱ्यांना काम करताना पाहायचं आणि तिथेच प्रमाणपत्राचा निर्णय. मसुदा माझा.

६ मार्च

विभागप्रमुख को साहेब म्हणाले, "बाई, तुमचे परीक्षक पोटभर जेवणार आणि सगळ्यांना पास करून ढेकर देत परत येणार."

"गुणपत्रिकेचे दहा रकाने भरल्याशिवाय ताट मिळणार नाही, साहेब."

हसले. सही केली. पहिली चाचणी दक्षिणेला, आमच्या नैमेन गावात, देवळाच्या मेजवानीत. पहिले उमेदवार – बाबा. नातं लेखी कळवलंय. गुण मी देणार नाही. मी निरीक्षक, शेवटी 'हरकत आहे / नाही' एवढंच लिहायचं.

बाबांना हे मिळायलाच हवं. देवळं आता कागदाशिवाय काम देत नाहीत. गेल्या वर्षी तीन मेजवान्या हातच्या गेल्या.

९ मार्च

सातवा रकाना पुन्हा वाचला. 'पातेलं वाढायला जाण्याआधी उमेदवार स्वतः चव घेऊन दुरुस्ती करतो.' हा कुठल्या पुस्तकातला नाही. लहानपणी ताडपत्रीखाली उलट्या टोपलीवर बसून पाहिलेला आहे. बाबा पळी ओठाला लावायचे, डोळे मिटायचे – "मीठ. नखाएवढं."

इतकं नेमकं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

११ मार्च

बाबांचा फोन. "आ-ह्वेई, परीक्षेला काय घालू?"

"रोजचाच बनियन घाला."

"सरकार लाजेल."

"लाजू दे!"

१६ मार्च, नैमेन

साठ टेबलं, सहाशे माणसं. रस्त्यावर ताडपत्री, वाफेच्या टोपल्या माणसाहून उंच. बाबा सत्तरीत, पण तेलाच्या आवाजावरून आच ओळखतात! खेकड्याचा चिकट भात, वाफवलेला मासा, सगळं वेळेवर. परीक्षकांची लेखणी थांबेना.

सातवा रकाना. बाबांनी पळी ओठाला लावली. डोळे मिटले नाहीत. वहिनीकडे पाहिलं. यू-लान वहिनी, दादाची बायको, शेजारी उभी राहून त्याच पातेल्यातून घोट घेत होती. तिने झाकणावर दोनदा बोट वाजवलं. बाबा म्हणाले, "मीठ. दोन चिमटी."

पुढचं पातेलं – एकदा वाजलं. एक चिमूट.

परीक्षकांनी लिहिलं, 'उत्तम.' दहापैकी दहा. उरलेलं जेवण पिशव्यांत बांधून लोक घरी गेले. माझा रकाना अजून कोरा आहे.

१७ मार्च

सकाळी वहिनी टोपल्या घासत होती. मी सरळ विचारलं.

"दोन हिवाळ्यांपूर्वी तो ताप आला ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "गोड, खारट – काही कळत नाही त्यांना. डॉक्टर म्हणाले, आता परत येणार नाही."

"मग दोन वर्षं चव..."

"मी घेते. कुणी ताट परत पाठवलं का? पाठवलं असेल तर सांग!"

"तू स्वतः अर्ज का नाही केलास?"

"वन्सं, घरात मास्तर एकच असतो." आणि घासणी पुन्हा चालू.

मला वाटलं होतं, माझा मसुदा बाबांना न्याय देईल. त्याने बाबांनाच पकडलं. लेखी परीक्षेत हे कधीच दिसलं नसतं! म्हणजे मसुदा बरोबर आहे. खोट नाही त्यात, एक शब्दही बदलणार नाही. पण त्यांचा तो हसरा चेहरा, परीक्षा केंद्राच्या दारातला...

१८ मार्च

'हरकत आहे' लिहिलं. सही केली.

बाबा अंगणात सुऱ्यांना धार लावतायत. मेजवानीच्या सुऱ्या, आज काम नसताना. आता जाऊन विचारायचं – बाबा, पुढच्या अर्जावर वहिनीचं नाव घालू द्याल? आणि पळी सगळ्यांसमोर तिच्या हातात द्याल?

नाही म्हणतील.