भुऱ्या पाण्याले भेत नाही

बाबा,

जनावरांच्या दवाखान्यातला साहेब खोटारडा आहे. आपल्या भुऱ्याचं तोंडही न उघडता त्यानं कुत्रा पिसाळला असं लिहून देलं, पाण्याले भेते म्हणे. मी टॉर्च लावून पाह्यलं. तुम्ही बांधलेली साखळी चावून चावून त्याचा सुळा तुटला, आतली नस उघडी पडली. थंड पाणी लागलं की कळ मस्तकात जाते, म्हणून तो मागं सरते. कोमट करून देलं तर वाटीभर पेला.

मी त्याले घेऊन नागपूरले चालली. तिथं कुत्र्यांचंही रूट कॅनाल करतात, दात उपटत नाहीत. भाकरी टोपल्यात आहे. भांडून भांडून थकली मी. एवढंच सांगा, त्याले मारायच्या कागदावर तुम्ही सही काहून केली?

पुष्पा