डावीकडं वळायचं न्हाई

१५ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. सांगायचं मी, लिहायचं ज्योत्स्नानं. ज्योत्स्ना म्हणजे भारतची पोरगी, माझी नात. कॉलेजात जाते, अक्षर बरं आहे. ही वही दुसऱ्या कोणी वाचायची न्हाई, फक्त मी वाचायची. आणि मला वाचता येत न्हाई. म्हणजे बिलकुल सेफ.

आज डबा आला. भारतनं मोबाईलात पाहून जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याची खोली करून घेतली, आपल्या पिकअपवर ठेवायला. आत झोपायला दोन बाकडी, एक पंखा, एक दिवा, एक खिडकी. मोसंबीचे कॅरेट न्यायचे तेव्हा डबा खाली, माणसं न्यायची तेव्हा डबा वर. दसऱ्याला ह्याच डब्यातून नागपूर. दीक्षाभूमी.

नागपूरला मी एकदा जाऊन आले आहे. छप्पन साली. आईच्या पोटात होते. पाह्यलं काहीच न्हाई, पण जाऊन आले हे खरं. त्यानंतर जमलं न्हाई. आता गुडघ्यांमुळं एसटीत चढवत न्हाई, रेल्वेत बसवत न्हाई. आडवं होऊन जायची ही पहिलीच सोय.

एकच काम राह्यलं. डबा ठेवला की पिकअपचे मागचे दिवे झाकले जातात. म्हणून डब्याला स्वतःचे दिवे आहेत, त्याची केबल आहे, केबलीला प्लग. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतो तसा, सात वायरींचा. तो पिकअपला जोडायचा. भारत म्हणे, कुंभार पिंपळगावला सोमेश्वरकडं नेतो, तो गाड्यांचं वायरिंग करतो. मी म्हणलं, बाप विसरला का रे? अप्पाराव वायरमन होते. अख्ख्या गावच्या मोटारी त्यांनी जोडल्या. शिडी कोण धरायचं? मी. शिडी धरणाऱ्याला वरचं सगळं दिसतं.

भारत म्हणे, माय, मागचे सगळे दिवे लागले तरच मी डबा रस्त्यावर काढीन. न्हाई तर आम्ही रेल्वेनं जाऊ आणि तुला घरी राहावं लागंल.

मी म्हणलं, उद्या दुपारपर्यंत होऊन जाईल.

१६ सप्टेंबर

प्लग उघडला. एक स्क्रू पडला, सापडला न्हाई. हल्ली स्क्रू फार बारीक करतात.

काम सोपं आहे. डब्याकडून सात वायरी, पिकअपकडून सात वायरी, रंगाला रंग लावायचा. लाल, काळी, हिरवी, निळी, चॉकलेटी, आणि दोन पांढऱ्या. कंपनीनं एका रंगाची बचत केलेली दिसते. दैवशाला म्हणजे माझी सून, ती धुणं घेऊन चालली होती. म्हणे, आत्याबाई, त्यातली एक पिवळी हाय. सुनेला काहीतरी बोलावंच लागतं. दोन्ही पांढऱ्याच, मंग कोणतीही कुठंही लागली तरी बराबर.

उद्या पूर्ण करायचं. नक्की.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडा. काम बंद. झेंड्याच्या दिवशी वायरीला हात लावू नये असं अप्पाराव म्हणायचे. तसं ते सोमवारी पण म्हणायचे.

१९ सप्टेंबर

जोडणी पूर्ण. भारतला गाडीत बसवलं, मी मागं उभी राह्यले, दैवशाला आत डब्यात.

भारतनं ब्रेक दाबला. डावीकडचा इंडिकेटर लागला. बारीक, पण लागला. भारतनं डावा इंडिकेटर लावला. सगळेच दिवे उघडझाप करायला लागले, आतला दिवा पण. दैवशाला आतून वरडली, आत्याबाई, इथं वरात निघाली का? पंखा लावला तर तो फिरेना, थंडी वाजल्यासारखा थरथरून राह्यला.

भारत गाडीतून उतरून नुसता डब्याकडं पाहत राह्यला. त्याचा बाप असाच पाहायचा.

एकंदरीत सुरुवात चांगली आहे. करंट आलेला आहे. आता त्याला फक्त वळण लावायचं राह्यलं.

२० सप्टेंबर

दुपारी बसंतीबाई आली. तिचं किराणा दुकान आमच्या वळणावर आहे. मारवाड्याची सून म्हणून गावात आली, आता गावच्या सगळ्या सुनांची सासू झाली. वर्षापूर्वी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन केलं, तेव्हापासून लोकांच्या भांड्यांवरचे डाग दाखवत फिरते. माझ्या हातचा चहा पिऊन म्हणे, बेबीबाई, मोतीबिंदू पिकलाय तुमचा, कपाला दांडी सोडून भलतीकडूनच धरता. मी म्हणलं, कप माझा, मी कुठूनही धरीन.

ती गेल्यावर दोष सापडला. अर्थिंग! अप्पारावांचं एकच म्हणणं असायचं, मोटार रडायला लागली की आधी अर्थिंग बघा. पिकअप उभी आहे रबरी टायरांवर. तिला अर्थिंग येणार कुठून? एवढी साधी गोष्ट गाडी बनवणाऱ्यांच्या लक्षात आली न्हाई.

२१ सप्टेंबर

अंगणात गाडीच्या मागं खड्डा केला. म्हणजे दैवशालानं केला, मी जागा दाखवली. खाली मीठ, कोळसा, त्यात पहार उभी रोवली. वर तांब्याभर पाणी. मंग उघडी तार घेतली. एक टोक डब्याच्या पत्र्याला, मधी पिकअपच्या मागच्या हुकाला दोन वेढे, ओढाताण नको म्हणून, आणि दुसरं टोक पहारीला.

भारतनं ब्रेक दाबला. लाल दिवे लागले, दोन्ही, लखलखीत! उजवा इंडिकेटर बराबर. आतला दिवा बराबर. पंखा फिरला. दैवशाला खिडकीतून म्हणे, आत्याबाई, मानलं तुम्हाला. हे तिचं वाक्य जसंच्या तसं लिही, ज्योत्स्ना. तारीख वर आहेच.

भारत म्हणे, माय, पण गाडी निघाल्यावर पहारीचं काय करायचं? पोराला खुशी पचत न्हाई. मी म्हणलं, पहार सोबत न्यायची. जिथं थांबू तिथं रोवायची. तो म्हणे, आणि चालत्या गाडीत? मी म्हणलं, चालत्या गाडीत दिवे कोण पाहत बसतं?

ह्या प्रश्नावर अजून विचार करायचा.

२४ सप्टेंबर

पहारीला रोज सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या पाणी. शेजारच्या कोंबड्या मीठ उकरतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. विचार चालू आहे.

२५ सप्टेंबर

संध्याकाळी दिवे पुन्हा तपासले. सगळे लखलखीत. पाणी घालायला गेले तर तांब्या हातातच राह्यला. पहार जागेवर न्हाई. दैवशाला म्हणे, गोठ्याचा खांब हलत होता म्हणून सकाळीच नेली, तार तेवढी जमिनीवर टाकून दिली.

म्हणजे दिवसभर पहार न्हाई आणि दिवे चालू.

दैवशाला हसून राह्यली. तिला अर्थिंग कळत न्हाई. चार दिवस एवढं पाणी घातलं, करंट जमिनीत मुरला, गाडीनं तो ओढून घेतला. आता पहारीची गरज न्हाई. जो प्रश्न होता तो सुटला. नागपूर पक्कं.

२६ सप्टेंबर

आज भारतनं डावा इंडिकेटर लावला. तार गुंडाळल्यापासून तो लावायचा राह्यला होता, कोणाच्या लक्षात आलं न्हाई. माझ्या आलं होतं, पण मी बोलले न्हाई. फट् असा आवाज. फ्यूज उडाला. भारतनं नवा घातला. पुन्हा डावा लावला. पुन्हा फट्.

मी सांगितलं, बाकी सगळं बराबर चालू आहे, आपण डावीकडं वळायचं न्हाई. एवढंच. नागपूरला जाताना डावीकडं वळायचं काम तसं कमीच पडतं. भारत म्हणे, माय, आपल्या गल्लीतून बाहेर पडायलाच डावीकडं वळावं लागतं. मी म्हणलं, तीनदा उजवीकडं वळलं की माणूस डावीकडंच जातो, करून पाह्य. तो जागच्या जागी बोट फिरवून हिशोब करायला लागला. मंग त्याच्या ध्यानात आलं की आपण हे काय करून राह्यलो, आणि तो चिडला. म्हणे, डबा उतरवतो. रेल्वेची तिकिटं पाहतो. तू घरी.

आज जेवण गेलं न्हाई. भाजी आळणी होती. (ज्योत्स्ना म्हणते आळणी नव्हती. हे लिहू नको.)

२७ सप्टेंबर

बसंतीबाईनं सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. म्हणे, बेबीबाई, तुमच्या सुनेचं लुगडं कोणत्या रंगाचं? मी म्हणलं, पांढरं. बसंतीबाई म्हणे, हळदीसारखं पिवळं जर्द हाय. मी म्हणलं, धुऊन धुऊन पांढरं पडलंय. दैवशाला म्हणे, आत्याबाई, आजच घडी मोडली.

भारतनं प्लगकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, पुन्हा प्लगकडं पाह्यलं. म्हणे, माय, आधी डोळा. मंग नागपूर. मी सांगितलं, माझ्या डोळ्याला काही झालेलं न्हाई, कोणी सुरी लावू नये, संपला विषय.

रात्री जेवताना ज्योत्स्ना म्हणे, आज्जी, तू एकदा काही न पाहता नागपूरला जाऊन आलीस. आता परत न पाहताच जायचं का?

ह्यावर मी काही बोलले न्हाई. लिहून ठेव की मी काही बोलले न्हाई.

२८ सप्टेंबर

जालन्याला डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. वायरिंगच्या कामासाठी. नजर तेज असली की काम जल्दी होतं, दुसरं काही कारण न्हाई. उजव्या डोळ्याचं परवा करतो म्हणाले. डॉक्टरीण ज्योत्स्नाएवढीच दिसते. तिला विचारलं, बाई, तुमच्या मशीनला अर्थिंग आहे का? ती म्हणे, आहे आजी. मंग मी सही केली. म्हणजे अंगठा.

१ ऑक्टोबर

पट्टी काढली. काळा चष्मा दिला. धूळ नको, गचके नको, डोळ्यावर उजेड नको. गाडीतून जाता येईल का विचारलं. आडवं पडून, चष्मा लावून, हळू. म्हणजे डब्यातूनच. रेल्वेचं नाव काढायचं न्हाई आता.

घरी आले. भिंतीला एवढे पोपडे कधी आले? दैवशालाचे केस कधी पिकले? माझ्या कपाला डाग आहेत. बसंतीबाईला हे कळवायची गरज न्हाई.

मंग प्लग पाह्यला. मी दवाखान्यात असताना कोणीतरी एक पांढरी वायर काढून तिथं पिवळी घातली. दोन्हीकडून. पांढरीला पिवळी जोडून ठेवलेली, पिवळीला पांढरी. भारतला विचारलं, कोणाचं काम हे? तो खाली बसून हसायला लागला. म्हणजे त्याचंच.

६ ऑक्टोबर

सोमेश्वर घरी आला. फार बडबड्या माणूस. तोंडात सुपारी, एक वाक्य वायरीला, दोन मला. म्हणे, मावशी, पांढरी ती गाडीची अर्थ, पिवळी डावा इंडिकेटर, तुम्ही दोघींची सोयरीक उलटी लावली. डबा रबरावर बसवलाय, त्याला अर्थ मिळंना, म्हणून ते नाचकाम. तुम्ही हुकाला तार गुंडाळली, तिथून अर्थ मिळाली, म्हणून बाकीचे दिवे लागले. पहारीचा काय संबंध न्हाई. पण डावीकडची वायर अर्थवर, म्हणून डावा लावला की फट्.

दोन वायरींची अदलाबदल केली, स्क्रू आवळले, झालं. डावा लावला, डावाच लागला. चहा पिऊन गेला.

म्हणजे सातातल्या पाच मी बराबर जोडल्या होत्या. ज्योत्स्नानं हिशोब करून सांगितलं, फर्स्ट क्लास. शाळेत न जाता. शिवाय हुकाला तार गुंडाळायची अक्कल कोणाची? सोमेश्वर आला तो शेवटचा हात फिरवायला.

११ ऑक्टोबर

संध्याकाळी निघालो. गल्लीतून बाहेर पडताना भारतनं डावा इंडिकेटर लावला आणि आत ऐकू येईल असा ओरडला, माय, वळू का? बसंतीबाई दुकानाच्या पायरीवर उभी होती. म्हणे, बेबीबाई, मागून सगळं लखलख दिसतंय. मी म्हणलं, दिसणारच, कोणी जोडलंय.

आतला दिवा छान लागतो. पांढरा, मोठा. पण डोळ्यावर उजेड नको म्हणून ज्योत्स्ना लावू देत न्हाई. एवढं सगळं करून मी काळा चष्मा लावून अंधारात आडवी पडले आहे. ही मोबाईलच्या उजेडात, माझ्याकडं पाठ करून लिहून राह्यली. पोटात बसून गेले होते त्यापेक्षा हा प्रवास चांगला. तेव्हा पंखा नव्हता.

१२ ऑक्टोबर, दसरा

नागपूर. गाडी फार लांब लावायला लागली. तिथून चालत. एका बाजूनं ज्योत्स्ना, एका बाजूनं दैवशाला. गुडघ्यांनी आज तक्रार केली न्हाई, की केली आणि मी ऐकली न्हाई, आठवत न्हाई. केवढी माणसं. सगळी काळी दिसून राह्यली होती, चष्म्यामुळं.

रांग हलत हलत एका ठिकाणी थांबली. ज्योत्स्ना म्हणे, आज्जी, ते बघ, समोर. मी म्हणलं, चष्मा काढ. ती म्हणे, डॉक्टरीण न्हाई म्हणाली. मी म्हणलं, डॉक्टरीण जालन्यात आहे. तिनं ओढणीनं माझ्या डोळ्यावर सावली धरली आणि चष्मा वर केला.

घुमट. एवढा मोठा, गोल. मी बराच वेळ पाह्यला. मागचे लोक ढकलून राह्यले होते, दैवशाला त्यांना म्हणे, थांबा जरा, आमच्या आत्याबाई पाहून राह्यल्या.

मंग मी ज्योत्स्नाला हळूच विचारलं, पांढरा आहे ना गं? का पिवळा?

ती म्हणे, पांढरा, आज्जी. पांढरा शुभ्र.

मला दिसतच होता. अप्पाराव पण शिडीवरून विचारायचे, लालच आहे ना गं ही वायर? त्यांना पण दिसायचं.